आवडता खेळाडू चुकतो तेव्हा

(पालक आणि धर्मशिक्षण वर्गाचे शिक्षक यांच्यासाठी)



आपल्या बहुतेक घरांत मुलांच्या अभ्यासाच्या टेबलामागे कुणाचे तरी चित्र चिकटवलेले असते. एखादा क्रिकेटपटू, एखादा फुटबॉलपटू, एखादी बॅडमिंटनपटू. त्या खेळाडूचे सामने, धावा, गोल, वाढदिवस सारे मुलाला तोंडपाठ असते. तो जिंकला की घरात उड्या, हरला की जेवणावर राग. यात काळजी करण्यासारखे काही नाही. मोठे होण्याची इच्छा मुलाच्या मनात कुणाला तरी पाहूनच जागी होते.

अडचण पुढे येते. एके दिवशी बातमी कळते की त्याच खेळाडूने उत्तेजक द्रव्य घेतले किंवा पैसे घेऊन खेळ विकला. मूल विचारते, "आई, त्याने खरंच असं केलं?" आणि आपल्याला चटकन उत्तर सुचत नाही. हे उत्तर शोधण्यासाठी आज आपण एका जुन्या दिवसाकडे पाहणार आहोत. तो दिवस म्हणजे २४ सप्टेंबर १९८८. दक्षिण कोरियात तेव्हा सोल ऑलिंपिक चालू होते. त्या एकाच दिवशी, एकाच देशाच्या दोन खेळाडूंच्या हातून दोन वेगळ्या गोष्टी घडल्या. देश होता कॅनडा.

१. सोलमधील शर्यत

त्या दिवशी पुरुषांच्या १०० मीटर धावण्याच्या शर्यतीची अंतिम फेरी होती. कॅनडाचा बेन जॉन्सन आणि अमेरिकेचा कार्ल लुईस यांच्या चुरशीकडे साऱ्या जगाचे डोळे लागले होते. जॉन्सन मूळचा जमैकाचा. १९७६ साली, चौदा वर्षांचा असताना तो कॅनडात आला. बोलताना अडखळणारा हा मुलगा धावायला लागला आणि पुढे जगातील सर्वांत वेगवान माणूस म्हणून ओळखला जाऊ लागला. परक्या देशातून येऊन नव्याने पाय रोवणाऱ्या कुटुंबांतील मुलांना त्याच्याकडे पाहून किती बळ आले असेल, याची कल्पना आपण करू शकतो.

जॉन्सनने ती शर्यत ९.७९ सेकंदांत जिंकली. अंतिम रेषा ओलांडण्यापूर्वीच त्याने हात उंचावला होता. या शर्यतीत कॅनडाला यापूर्वीचे सुवर्णपदक १९२८ साली मिळाले होते, म्हणजे साठ वर्षांनी हा क्षण आला होता. देशाच्या पंतप्रधानांनी फोन करून त्याचे अभिनंदन केले.

तीन दिवसांनी, २७ सप्टेंबरला, जाहीर झाले की जॉन्सनच्या लघवीच्या नमुन्यात स्टॅनोझोलॉल हे उत्तेजक सापडले आहे. पदक काढून घेण्यात आले आणि ते लुईसला देण्यात आले. त्याच वर्षी कॅनडा सरकारने न्यायमूर्ती चार्ल्स डबिन यांची चौकशी समिती नेमली. तिच्यापुढे जॉन्सनच्या प्रशिक्षकाने सांगितले की उत्तेजकांचा वापर १९८१ पासून चालू होता. जॉन्सननेही शपथेवर कबुली दिली. त्याचा १९८७ सालचा जागतिक विक्रमही रद्द झाला.

त्या आठवड्यात कॅनडातील किती घरांत आपल्या वरच्या प्रश्नासारखा प्रश्न विचारला गेला असेल! आनंदाने नाचलेल्या मुलाला तीन दिवसांतच कळले की आपण ज्यासाठी नाचलो ते खरे नव्हते.

२. बुसानचा समुद्र

त्याच दिवशी, सोलपासून तीनशेहून अधिक किलोमीटरवर, बुसानच्या समुद्रात शिडाच्या होड्यांच्या शर्यती चालू होत्या. तिकडे फारसे कॅमेरे नव्हते. कॅनडाचा लॉरेन्स लेम्यू हा खेळाडू 'फिन' नावाच्या, एकट्याने हाकायच्या होडीच्या शर्यतीत उतरला होता. वाऱ्याचा जोर वाढला होता, लाटा उंच उसळत होत्या. लेम्यू दुसऱ्या क्रमांकावर होता आणि पदकाची आशा धरावी अशी त्याची स्थिती होती.

जवळच्याच पट्ट्यात दोघांनी मिळून हाकायच्या, '४७०' प्रकारच्या होड्यांची शर्यत होती. त्यातली सिंगापूरची होडी उलटली. जोसेफ चॅन आणि स्यू शॉ हर हे तिचे दोन खलाशी. एक जण पालथ्या होडीला धरून होता, दुसरा लाटांबरोबर दूर वाहत चालला होता. लेम्यूने ते पाहिले. ही त्याची शर्यत नव्हती, ते त्याच्या देशाचे नव्हते, त्याच्या ओळखीचेही नव्हते. त्याने होडी वळवली. दोघांनाही त्याने वाचवले आणि गस्तीची बोट येऊन त्यांना घेऊन जाईपर्यंत तो तिथेच थांबला. त्यानंतर तो पुन्हा आपल्या शर्यतीत आला. तोवर इतर होड्या केव्हाच पुढे निघून गेल्या होत्या आणि त्याचा क्रमांक पहिल्या विसातही आला नाही.

नौकानयनाच्या खेळात एक मूळ नियम आहे: संकटात सापडलेल्या माणसाला किंवा होडीला शक्य ती सर्व मदत केली पाहिजे. अशी मदत करताना ज्याचे नुकसान होते त्याला पंच भरपाई देऊ शकतात. त्यानुसार पंचांनी त्या शर्यतीपुरता लेम्यूला दुसरा क्रमांक दिला. एकूण स्पर्धेत मात्र तो अकरावा आला. पदक हुकले. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे तेव्हाचे अध्यक्ष सामारांच यांनी पियर द कुबर्टिन पदक देऊन त्याचा गौरव केला. हे पदक खिलाडूवृत्तीसाठी दिले जाते.

वसईच्या किनाऱ्यावरील आपल्या कोळी बांधवांना यात नवल वाटणार नाही. समुद्रात कुणाची होडी अडचणीत दिसली तर ती कुठल्या गावची, कुठल्या जातीची, आपल्याशी भांडलेल्या माणसाची आहे का, हे विचारायचे नसते. आधी दोर फेकायचा असतो.

३. कसब आणि सद्गुण

मुलाच्या मनात नेमके काय मोडते, हे आता पाहू. मुलाने दोन गोष्टी एकत्र बांधलेल्या असतात. "तो सर्वांत वेगाने धावतो" ही एक आणि "तो चांगला माणूस आहे" ही दुसरी. पहिली डोळ्यांना दिसते, दुसरी मूल गृहीत धरते. खरे पाहिले तर ही गाठ आपणच त्याला बांधून दिलेली असते. "बघ, तो किती मोठा झाला, तू त्याच्यासारखा हो," असे म्हणताना आपण त्याच्या कोणत्या गोष्टीसारखे व्हायचे, हे सांगत नाही.

ॲरिस्टॉटलने कसब आणि सद्गुण यांत फरक केला आणि पुढे संत थॉमस अक्वायनस यांनी तो अधिक स्पष्ट केला. कसबामुळे माणसाचे काम चांगले होते, सद्गुणामुळे माणूस स्वतः चांगला होतो. सुतार उत्तम खुर्ची करत असेल तर तो उत्तम सुतार आहे. पण तो उधारी बुडवतो की नाही, हे त्या खुर्चीवरून कळत नाही. ॲरिस्टॉटलने आणखी एक मार्मिक गोष्ट सांगितली आहे. कसबात कुणी मुद्दाम चूक केली तर त्याचे कसब कमी ठरत नाही. चांगला गायक मुद्दाम बेसूर गाऊन दाखवू शकतो. सद्गुणाचे उलट आहे. तिथे जाणूनबुजून केलेली चूक ही नकळत घडलेल्या चुकीपेक्षा अधिक गंभीर असते.

आपल्यापैकी अनेकांना एप्रिल २००० आठवत असेल. दक्षिण आफ्रिकेचा क्रिकेट कर्णधार हॅन्सी क्रोनिए त्याच्या संघासह नुकताच भारतात खेळून गेला होता. सट्टेबाजांशी झालेले त्याचे संभाषण दिल्ली पोलिसांनी उघड केले. आधी त्याने नाकारले, पण काही दिवसांतच आपण पूर्ण खरे बोललो नाही, हे त्याला मान्य करावे लागले. त्याच वर्षी त्याच्यावर तहहयात बंदी आली. क्रोनिएच्या खेळात कसूर नव्हती. शिवाय तो आपली ख्रिस्ती श्रद्धा उघडपणे सांगणारा खेळाडू होता. माझ्या जागी येशू असता तर त्याने काय केले असते, याची आठवण करून देणारा पट्टा तो मनगटावर बांधत असे. म्हणून ख्रिस्ती घरांतील मुलांना ती बातमी अधिकच लागली. कसब तर सद्गुणाची खात्री देत नाहीच, पण मनगटावरचा पट्टाही देत नाही, आणि गळ्यातला क्रूसही देत नाही. सद्गुण रोजच्या लहान-लहान निवडींतून घडवावा लागतो.

मुलाला एवढे मोठे तत्त्वज्ञान सांगायची गरज नाही. "तो छान खेळतो हे खरं. त्याने फसवलं हेही खरं. दोन्ही वेगवेगळ्या गोष्टी आहेत," इतके म्हटले तरी आठ वर्षांच्या मुलाला कळते.

४. आपला आणि परका

जॉन्सनच्या कहाणीत आणखी एक दुःखद गोष्ट घडली. ज्या दिवशी तो जिंकला त्या दिवशी वर्तमानपत्रांसाठी तो कॅनडाचा सुपुत्र होता. उत्तेजक सापडल्यावर त्याच्या नावापुढे 'जमैकात जन्मलेला' असे शब्द दिसू लागले. जिंकला तेव्हा आपला आणि चुकला तेव्हा परका. हा बदल तिकडच्या अभ्यासकांनी पुढे नोंदवून ठेवला आहे.

आता याच्या शेजारी बुसानचा समुद्र ठेवून पाहा. तिथे एका माणसाने दोन परक्यांना क्षणात आपले मानले. आपल्या मुलाने या दोन्हींपैकी काय शिकावे, हे मोठ्यांच्या वागण्यावर अवलंबून असते. "तसला माणूस! मला आधीच माहीत होतं," असे आपण म्हणालो तर मूल शिकते की माणूस पडला की त्याला झटकून टाकायचे असते. आणि हेच मूल पुढे दहावीत नापास झाले, किंवा त्याच्या हातून एखादी मोठी चूक झाली, तर ते आपल्याकडे यायला धजावेल का? चुकलेल्या खेळाडूविषयी आपण जे बोलतो ते मूल मनात साठवून ठेवते. उद्या आपल्याशी हे लोक कसे वागतील, याचा अंदाज ते त्यातूनच बांधते.

५. काय म्हणू नये, काय म्हणावे

अशा वेळी पालकांकडून साधारणपणे तीन उत्तरे येतात आणि तिन्ही टाळायला हवीत.

पहिले उत्तर: "सगळेच असे असतात." हे खरे नाही. सोलच्या त्याच शर्यतीत धावलेल्या इतर काही जणांची नावेही पुढे उत्तेजकांच्या प्रकरणांत आली. मात्र कॅल्विन स्मिथ हा अमेरिकन धावपटू त्यात चौथा आला होता. जॉन्सन बाद झाल्यावर त्याला कांस्यपदक मिळाले. तो उत्तेजक चाचणीत कधीही दोषी आढळला नाही. "सगळेच असे" म्हणताना आपण अशा प्रामाणिक माणसांवर अन्याय करतो. शिवाय मुलाच्या मनात प्रामाणिकपणा म्हणजे मूर्खपणा, हे बी पेरतो.

दुसरे उत्तर: "त्याला कुणीतरी अडकवलं असेल." पुरावा समोर असताना अशी बाजू घेतली तर आपण मुलाला सत्यापेक्षा आवड मोठी, असे शिकवतो.

तिसरे उत्तर: "खेळाडूसाठी काय रडतोस? अभ्यास कर." हे सर्वांत सहज तोंडातून निघते आणि सर्वांत जास्त लागते. मुलाचे दुःख खरे असते. फसवणूक वाईट, हे त्याच्या मनाला कळते, म्हणूनच तर त्याला वाईट वाटते. ज्याला सचोटीची किंमत नाही त्याला अशा बातमीने काही वाटणार नाही. त्या अश्रूंमध्ये मुलाची सदसद्विवेकबुद्धी जागी झालेली असते. तिला दटावून गप्प करू नका.

मग काय म्हणावे? आधी ऐकून घ्यावे. मग जे घडले ते मुलाच्या वयाला झेपेल अशा शब्दांत खरे सांगावे. लहान मुलाला एका वाक्यात; चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला थोडे सविस्तर, म्हणजे पैसा, प्रशिक्षकाचा दबाव, जिंकण्याची हाव, खोटे लपवण्यासाठी बोललेले दुसरे खोटे. चूक ही चूकच म्हणावी, पण माणसाला टाकून देऊ नये. जॉन्सनने चौकशी समितीपुढे तरुण मुलांना आवाहन केले होते की प्रामाणिक राहा, उत्तेजके घेऊ नका. दुर्दैवाने तो स्वतः १९९३ साली पुन्हा चाचणीत दोषी आढळला आणि त्याच्यावर कायमची बंदी आली. मोठ्या मुलाला हेही सांगावे. पश्चात्तापाचे शब्द उच्चारणे आणि सवय मोडणे यांत किती अंतर असते, हे त्याला यातून कळेल. पापनिवेदनाला जाताना आपण करतो तो निश्चयही असाच रोज नव्याने पाळावा लागतो.

६. मग डोळे कुठे लावायचे?

काही पालक म्हणतील, "ठीक आहे फादर, जॉन्सनच्या जागी लेम्यूचे चित्र लावू." तसे केले तर आपण पुन्हा पहिल्याच ठिकाणी येऊ. एका दिवशीच्या एका कृत्यावरून आपण लेम्यूला ओळखतो. त्याचे सारे आयुष्य आपल्याला ठाऊक नाही. त्याच्या जागी दुसरी मूर्ती उभी करायची नाही. त्याने त्या क्षणी काय पाहिले आणि काय केले, ते मुलाला पाहायला शिकवायचे आहे.

लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात प्रभू येशूने सांगितलेला चांगल्या शोमरोनी माणसाचा दृष्टांत आपल्याला ठाऊक आहे. वाटेत लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेल्या माणसाला पाहून धर्मात वरच्या जागी असलेले दोघे बाजूने निघून जातात. थांबतो तो परका, यहुदी लोक ज्यांना तुच्छ मानत त्यांच्यापैकी एक. तो जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, आपल्या जनावरावर बसवून त्याला उतारशाळेत नेतो, खर्चाचे पैसे देतो. प्रभूने या माणसाला नाव दिलेले नाही. जखमी माणसाने त्याचे आभार मानले का, हेही सांगितलेले नाही. ज्यांच्या मोठेपणाची सर्वांना खात्री होती त्यांनी निराशा केली, आणि ज्याच्याकडून कुणाची काही अपेक्षा नव्हती त्याने माणूस वाचवला. निराश झालेल्या मुलासोबत वाचायला याहून चांगला उतारा नाही.

आपल्या जवळचे उदाहरण हवे असेल तर २६ जुलै २००५ आठवा. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. लोकलगाड्या बंद पडल्या, हजारो माणसे रुळांवरून आणि महामार्गावरून कमरेएवढ्या पाण्यात चालत निघाली. त्या रात्री रस्त्याकडेच्या वस्त्यांतील लोकांनी अनोळखी माणसांना चहा, पाणी, बिस्किटे दिली, दोर धरून पाण्यातून पलीकडे नेले, स्वतःच्या घरात झोपायला जागा दिली. त्या दिवशी मुंबईत अडकलेले कुणी आपल्या घरात असतील तर त्यांनी ती हकिगत मुलांना सांगावी. हात देणाऱ्याचे नाव बहुधा त्यांना माहीत नसेल. नाव माहीत नसले तरी त्याचा उपकार वीस वर्षांनंतरही लक्षात राहतो, हे मुलाला कळू द्या.

अशा गोष्टी मुलांच्या कानांवर पडत राहिल्या की चांगुलपणा शोधण्याची त्यांची जागा बदलते. टीव्हीवरच्या खेळाडूचे कौतुक ती करतच राहतील आणि करावेही. पण चांगले कसे वागावे, हे त्यांना गर्दीत उठून जागा देणाऱ्या बाईकडून, पडलेल्या सायकलस्वाराला उचलणाऱ्या रिक्षावाल्याकडून, हरवलेले पाकीट परत आणून देणाऱ्या अनोळखी माणसाकडून शिकता येईल. उद्या एखादा खेळाडू चुकला तर मुलाला वाईट वाटेल, पण त्याचा माणसांवरचा विश्वास मोडणार नाही. तो विश्वास फार खांबांवर उभा असेल.

आणि शेवटी हा पाठ आपल्या मोठ्यांपाशीच येऊन थांबतो. रस्त्यावर कुणीतरी मदतीसाठी थांबलेले असते, आपल्याला मिस्साला किंवा कामावर जायला उशीर होत असतो आणि मूल आपले बोट धरून चालत असते. त्या क्षणी आपण काय करतो, ते मूल पाहत असते.

या आठवड्यात कुटुंबात बोलण्यासाठी

१. आपल्या मुलाचा आवडता खेळाडू कोण? त्याच्यातील कोणते गुण कसबाचे आहेत आणि कोणते चारित्र्याचे? मुलालाच यादी करू द्या.

२. अनोळखी माणसाने आपल्याला कधी मदत केली? घरातील प्रत्येकाने एक प्रसंग सांगावा. आजी-आजोबांपासून सुरुवात करावी.

३. एखादा माणूस चुकला की आपल्या घरात त्याच्याविषयी कोणते शब्द वापरले जातात? ते शब्द आपल्या मुलाविषयी कुणी वापरले तर चालतील का?

४. लूककृत शुभवर्तमान, अध्याय १०, ओवी २५ ते ३७ एकत्र वाचा. वाचून झाल्यावर या आठवड्यात ओळख नसलेल्या एका माणसासाठी प्रत्येकाने काय करायचे, ते ठरवा. पुढच्या रविवारी त्याची चर्चा करा, पण घराबाहेर त्याची वाच्यता करू नका.

प्रभू आपल्या कुटुंबांना आशीर्वादित करो.

– आपले प्रमुख धर्मगुरू